गोळीची लाज

दिवाळी अंकात गर्दसारखा विषय कशाला, असे यंदाचा विशेष विभाग ठरताच आमच्याच मंडळींनी विचारले. विचारणे चूक नव्हते. पण मुलगा सणाला घरी येणार म्हटल्यावर आधी कपाटाला कुलूप घालणाऱ्या आया आपल्या ओळखीत असतात. त्या सांगत नाहीत, एवढेच.

गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, ओढणारा मौजेसाठी ओढतो, ही समजूत काही केल्या जात नाही. सुरुवात तशी होतही असेल. पुढे पुडी लागते ती टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास, टाळायला. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, पोटऱ्यांत गोळे, जुलाब आणि रात्ररात्र डोळ्याला डोळा नाही. घरचे मग त्याला आठ-दहा दिवस खोलीत कोंडतात आणि पोरगा सुटला म्हणून देवापुढे साखर ठेवतात. खरा धोका त्यानंतरच असतो. शरीराची सहनशक्ती ओसरलेली, ओढ मात्र जिवंत. पूर्वीइतकीच मात्रा घेतली की श्वास थांबू शकतो. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे याच कारणाने जीवघेणे असतात.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे पाठबळ घेऊन, ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. व्यसनी माणसाला मायेने वागवता येते, हे महाराष्ट्राने तिथे पाहिले. मायेचे पटले, औषधाचे अजून गळी उतरत नाही. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध गर्दप्रमाणे अफूच्याच कुळातले. मेंदूतली तीच जागा ते धरून ठेवते, पण नशा फारशी चढवत नाही आणि श्वासावरचा त्याचा दाब एका मर्यादेपुढे वाढत नाही. टर्की थांबते, माणूस कामावर जातो. गोळी काही वर्षे, कुणाला त्याहूनही जास्त, घ्यावी लागते. ‘म्हणजे एक व्यसन जाऊन दुसरे आले!’ असे म्हणणाऱ्यांनी आपली रक्तदाबाची गोळी किती वर्षे चालू आहे ते आठवावे. फ्रान्सने १९९५ नंतर हे औषध साध्या फॅमिली डॉक्टरांच्या हाती दिले. १९९९ पर्यंत हेरॉइनच्या अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले.

आपल्याकडे ‘एम्स’च्या २०१९ च्या अहवालानुसार अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक आहेत. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सवलत देणारे ६४-अ हे कलम आहे. ते किती पोलीस ठाण्यांत आठवले जाते, हा वेगळा लेख होईल.

‘नॅको’च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिन फुकट मिळते. नर्स गोळी कुटून तिची पूड जिभेखाली ठेवते, ती विरघळेपर्यंत माणूस समोर बसून राहतो, मग तोंड उघडून दाखवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बिगारी कामावर जाणाऱ्याने नाक्यावर सकाळी उभे राहायचे की केंद्राच्या रांगेत? २०२० च्या टाळेबंदीत नियम सैल झाला आणि काही दिवसांची औषधे घरी नेता येऊ लागली. आता पुन्हा संशय निघतो की हे लोक गोळ्या विकतील. काही विकतीलही. त्यांच्यापायी बाकीच्यांची दिवसाची मजुरी का बुडावी, हे आम्हाला तरी कुणी समजावून सांगितलेले नाही.



— संपादक