पहारेकरी शाबूत आहे

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेली बाई औषधाचं नंतर विचारते. आधी विचारते, "माझं काय चुकलं?" आरोग्याच्या बैठकांत हे इतक्यांदा ऐकलंय, की त्याचं उत्तर पेशीतच शोधावं असं मला वाटायला लागलं.

आपल्या पेशींत पी-५३ नावाचं प्रथिन असतं. डीएनएची मोडतोड झाली की ते पेशीला थांबवतं, दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर मरायला लावतं. असं वेळेवर मरणं शरीराच्या भल्याचंच. बीजकोशाच्या सर्वांत घातक कॅन्सरमध्ये जवळजवळ नेहमीच या पहारेकऱ्याचा जीन बिघडलेला आढळतो. गर्भाशयाच्या तोंडाची गोष्ट वेगळी. तिथे पहारेकरी बहुधा धडधाकट असतो. पण एचपीव्ही विषाणूचं ई-६ हे प्रथिन त्याला पेशीच्या कचराकुंडीत नेऊन घालतं. पेशी नवा बनवते, तोही जातो. हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय अमेरिकन बाई १९५१ मध्ये याच रोगाने गेली, ३१ व्या वर्षी. तिला न विचारता घेतलेल्या पेशी आजही प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांतली विषाणूची प्रथिनं बंद पाडली, की पी-५३ पुन्हा साठतं आणि वाढ थांबते.

म्हणजे खोट बाईत नव्हती. चारित्र्यात तर नाहीच. हा विषाणू इतका सर्रास आहे, की शरीरसंबंध येणाऱ्या बहुतेक बायका-पुरुषांना कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो घरातूनच मिळतो. नवऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही, ते सोडा.

विषाणू टिकला तरी कॅन्सर व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढा अवधी असतो तपासायला! उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांवर बायकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. एचपीव्हीची तपासणी एकदाच देऊ केलेल्या गटात या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. नेहमीच्या व्यवस्थेवर सोपवलेल्या, साधारण तेवढ्याच गटात ६४. पॅप तपासणीने मरणं घटतात हे जगाला कितीतरी आधी ठाऊक होतं. तरी हा गट तुलनेसाठी तसाच ठेवला. विज्ञानाला कितीही उपयोग होवो, मला हे पटलेलं नाही.

आता एचपीव्हीचा नमुना बाई काडीने स्वतःच घेऊ शकते. परक्यासमोर टेबलावर झोपावं लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत उपकेंद्रासाठी आम्ही तीच मागणार आहोत.