‘डाएट’चा डबा परत ठेवा, बाजाराची थैली उचला



तुमच्या घरात कुणी वजन कमी करायचं मनावर घेतलं असेल, तर हे आजच वाचा. उद्यावर टाकू नका. उद्यापर्यंत कदाचित तो डबा घरात आलेला असेल.

कोणता डबा, ते तुम्हाला ठाऊक आहे. जेवणाऐवजी दुधात घोळून घ्यायची पावडर. पोट साफ करणारा ‘स्लिमिंग’ चहा. ‘डाएट’ चिवडा, ‘शुगर फ्री’ बिस्किट, ‘मल्टिग्रेन’ टोस्ट. चंद्रपूर-बल्लारपूरच्या मोठ्या दुकानांत ही पाकिटं होतीच. आता मूल, ब्रह्मपुरी, देसाईगंज, चामोर्शीच्या किराणा दुकानांतही ती समोरच टांगलेली दिसतात. पावडर विकायला येणारी व्यक्ती तर बहुतेक वेळा ओळखीचीच असते. शेजारीण असते, नातलग असतो, सोबत काम करणारा असतो. महिन्यात दहा किलो उतरतील असं सांगितलं जातं. आपल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून आपण पैसे काढून देतो.

वजन कमी करायची तुमची इच्छा चुकीची नाही. ती सोडू नका. ती किती गरजेची आहे, ते आपल्याच चंद्रपूर-गडचिरोली भागातून पुढे आलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी गडचिरोलीच्या खेड्यांमधल्या मृत्यूंची कारणं तपासली. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मृत्यूचं सर्वांत मोठं कारण निघालं पक्षाघात. हिवताप नाही, साप नाही, वाघ नाही. दर सात मृत्यूंमागे साधारण एक पक्षाघाताचा. त्याच्या मुळाशी बऱ्याचदा वाढलेला रक्तदाब असतो, आणि पोटाचा घेर वाढला की रक्तदाब चढायची शक्यताही वाढते. घरचा कमावता माणूस एका अंगानं लुळा पडला म्हणजे काय होतं, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. शेत दुसऱ्याला करायला द्यावं लागतं. पोरीचं शिक्षण थांबतं. बायको नवऱ्याला उचलून बसवण्यात स्वतःची कंबर मोडून घेते.

म्हणून आधी एक करा. शिंप्याची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजा. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर असेल, तर लक्ष द्यायची वेळ आली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. त्याला डब्याएवढा खर्च येत नाही.

आता ते पाकीट हातात घ्या आणि उलटं करा. पुढच्या बाजूला गव्हाच्या ओंब्या असतील, बारीक कमरेची बाई असेल, हिरवं पान असेल. ते सोडा. मागचा बारीक मजकूर वाचा. डोळ्यांना दिसत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला लावा. आपल्या देशाच्या नियमानं घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. कितीतरी ‘मल्टिग्रेन’ बिस्किटांच्या पाकिटावर पहिलं नाव मैद्याचं किंवा गव्हाच्या पिठाचं असतं. मग साखर, मग पामतेल. ज्या धान्यांची चित्रं पुढे मोठी काढलेली असतात, ती यादीत पार खाली, दोन-चार टक्क्यांवर सापडतात. आणि ‘शुगर फ्री’? त्याचा अर्थ एवढाच की १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नाही. मैदा तसाच असतो, तेल तसंच असतं. अशी चार बिस्किटं चहासोबत सहज जातात आणि त्यांतून जवळजवळ एका ज्वारीच्या भाकरीइतक्या कॅलरी पोटात पडतात. भाकरीनं पोट भरतं. बिस्किटांनी भरत नाही, हात पुन्हा पुड्याकडे जातो.

हात पुन्हा जातो, हेही तपासून झालं आहे. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० माणसांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे त्यांना कारखान्यात तयार झालेलं, पाकीटबंद अन्न दिलं. दोन आठवडे साधं, घरी शिजवतात तसं अन्न दिलं. वाढलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू सारखेच ठेवले होते. हवं तेवढं खा, असं सांगितलं होतं. पाकीटबंद अन्नाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत त्यांचं वजन सुमारे ९०० ग्रॅमनं वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. त्यांना कुणी उपाशी ठेवलं नव्हतं, कुणी पावडर दिली नव्हती. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगून टाकलं, की वजन ताब्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी कृत्रिम गोडवा वापरू नका. त्याचा दीर्घकाळ उपयोग होत नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र याबाबत आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.

आता तुमचा भाग. तो अवघड नाही, कारण लागणारी प्रत्येक वस्तू तुमच्या आवारात, बाजारात किंवा रानात आहे.

चंद्रपूरच्या गोलबाजारात सकाळी जा, नाहीतर तुमच्या गावच्या आठवडी बाजारात जा. थैली घेऊन जा. बरबटी घ्या, मूग घ्या, तूर घ्या. मुंगण्याच्या शेंगा घ्या. अंबाडी घ्या, चिवळ घ्या, धोप्याची पानं घ्या. पावसाळा लागला की तरोटा येतो, वास्ते येतात. टोपलं घेऊन बसलेल्या बाईकडून घ्या आणि भाव पाडू नका. माजी मालगुजारी तलावातली ताजी मासोळी मिळाली तर ती घ्या, पण तळू नका, रस्सा करा. घरी जवस असेल तर भाजून चटणी करा. चार वाजता भूक लागली तर मूठभर फुटाणे खा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहार मार्गदर्शिका काढली. तिचंही सांगणं हेच आहे: निम्मं ताट भाज्या, फळं आणि कंदांचं असू द्या, उरलेल्यात धान्य आणि डाळी. पाकिटावरच्या दाव्यांना भुलू नका, असंही त्याच मार्गदर्शिकेत बजावलं आहे.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. घरचं आहे म्हणून कितीही खाल्लेलं चालत नाही. आपण झाडीपट्टीची माणसं, आपल्याला भात लागतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी दीड-दोन एकरांच्या शेतात लोंब्या निवडून निवडून एचएमटी तांदूळ घडवला. त्याचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. मात्र शेतावर दिवसभर रोवणी करणाऱ्या आजोबांच्या ताटातला भात आणि खुर्चीवर बसून काम करणाऱ्या नातवाच्या ताटातला भात सारखा असून चालणार नाही. रोवणी थांबली, गाडी आली, ताट मात्र तेच राहिलं. वजनाचा खरा हिशेब तिथे चुकतो.

म्हणून ताट असं वाढा. आधी भाजी वाढा, भरपूर. मग घट्ट वरण, एक मोठी वाटी. सोबत काकडी, मुळा किंवा भेदरं चिरून ठेवा. भात शेवटी वाढा आणि आज खाता त्याच्या निम्मा वाढा. हातसडीचा मिळाला तर उत्तमच. फोडणीचं तेल डब्यातून ओतू नका, चमच्यानं मोजून घाला. तर्री-पोहे रविवारी खा, रोज नको. मोहफुलाचे लाडू आपले आहेत, बचत गटाच्या बायांनी कष्टानं केलेले आहेत. पण मोह गोडच असतो, वजन उतरवायचं असेल तर एकच लाडू घ्या. मीठ कमी करा, लोणचं आणि खारवलेलं कमी करा. रक्तदाबासाठी ते फार महत्त्वाचं आहे. आणि चाला. रोज अर्धा तास, दम लागेल इतकं चाला. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी खूप झालं. जे वजन आठ दिवसांत पाच किलो उतरतं, त्यात बरंचसं अंगातलं पाणी असतं आणि ते परत येतं.

सवयी अशा बदलणं होतं का? होतं. आपल्याच गडचिरोलीत झालं आहे. १९९५ साली डॉ. अभय बंगांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी खाणं बदललं, तेल-तूप आवरलं, चालणं, योग आणि ध्यान सुरू केलं. पुढे त्यावर ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिलं. ते महाराष्ट्रभर वाचलं गेलं. आपल्या गावच्या वाचनालयात असेल तर घेऊन या आणि घरात मोठ्यानं वाचा.

आता सर्वांत गंभीर गोष्ट ऐका. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तुमच्या नात्यात नसेल तर शेजारी असेल. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तपेशी वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. ‘स्लिमिंग’ चहांत अनेकदा सोनामुखीसारखी जुलाब करणारी पानं असतात. जुलाब म्हणजे पाणी जाणं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर. अशा माणसाला असा चहा पाजणं म्हणजे त्याला दवाखान्यात पाठवणं आहे. त्याला उपाशी ठेवू नका. त्याला कसलाही ‘डिटॉक्स’ देऊ नका. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या, सरकारी केंद्रात ती होते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं जेवण सोडून पावडर घेतली, तर साखर एकदम खाली जाऊन तो बेशुद्ध पडू शकतो. अशा रुग्णानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण बदलू नये. गरोदर बाईनं आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं तर या वाटेला जाऊच नये.

आणि लेकींकडे बघा. कॉलेजात जाणारी पोर आईच्या डब्यातली पावडर घेते, जेवण टाळते आणि कुणाला सांगत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याच सर्वेक्षणात जवळजवळ चौथा हिस्सा बायांचं वजन जास्त निघालं. दोन्ही एकाच राज्यात, कधी कधी एकाच घरात आणि कधी एकाच बाईत. वजन जास्त आणि रक्त कमी असलेल्या बाईला डाळ, हिरवी भाजी आणि अंडं लागतं. त्या लेकीला जवळ बसवा. तिला रागावू नका. तिच्यासोबत जेवा.

पैशाचंही बोलू. पावडरचा एक डबा दीड-दोन हजारांना पडतो आणि महिनाभरात संपतो. अंडं सात रुपयांना धरू. दोन हजारांत पावणेतीनशेच्या वर अंडी येतात. चार माणसांच्या घरात रोज प्रत्येकाला एक दिलं तरी दोन महिन्यांच्या वर पुरतात. ज्या घरात आई दोन हजारांची पावडर पिते आणि धाकटा पोरगा वरणाचं पाणी पितो, त्या घराला वाईट कोण म्हणेल? त्यांना कुणी नीट सांगितलंच नाही. तुम्ही सांगा. तुम्हाला आता माहीत आहे.

जी शेजारीण डबा विकते, तिच्याशी भांडू नका. तिनंही उसने पैसे घालून माल घेतलेला असेल. तिला घरी जेवायला बोलवा, भाजी-वरणाचं ताट वाढा आणि प्रेमानं सांगा: बाई, हे आम्ही घेणार नाही, तूही पिऊ नको. बचत गटाची बैठक असेल तर हा विषय काढा. ग्रामसभेत बोला. आशाताईंना विचारा, त्यांना सिकलसेलचे रुग्ण माहीत असतात. त्या घरांपर्यंत ही गोष्ट आधी पोहोचवा. शाळेत शिकवत असाल तर उद्या पोरांना एकेक रिकामं पाकीट आणायला सांगा आणि मागची यादी वर्गात वाचून घ्या. दुकान चालवत असाल तर डाळ पुढे मांडा, पाकिटं मागे टांगा.

आज संध्याकाळपासून सुरुवात करा. डबा उघडला नसेल तर परत करा. उघडला असेल तर बंद करून ठेवा आणि नवा घेऊ नका. भाताची वाटी लहान करा, वरणाची मोठी करा. घरातल्या सगळ्यांच्या पोटाचा घेर मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवा. या आठवड्यात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा रक्तदाब तपासून घ्या, आणि सिकलसेलच्या एखाद्या तरी घरी जाऊन सांगून या, की तो चहा पिऊ नका.