बोन्साय बघून या, घेऊन येऊ नका



लेकीच्या बाळंतपणासाठी पाच महिने अमेरिकेत होते. लेक वॉशिंग्टनजवळ राहते. नातू दोन महिन्यांचा झाला तेव्हा जावई म्हणाले, "आई, तुम्ही आल्यापासून स्वयंपाकघर आणि पाळणा एवढंच बघितलंत. रविवारी बोन्साय बघायला जाऊ या." मी लगेच नको म्हटलं. बोन्साय म्हटलं की मला आमच्या हॉलमधला टीव्ही आठवतो, आणि त्याच्या शेजारी वाळून गेलेलं एक झाड.

ती गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. एका प्रदर्शनात मी ज्युनिपरचं छोटं बोन्साय घेतलं होतं. विकणाऱ्यानं सांगितलं, "हॉलमध्ये ठेवा, आठवड्यातून एकदा पाणी घाला, काही बघावं लागत नाही." मी विश्वास ठेवला. शेजारच्या काकू म्हणाल्या, घरात बोन्साय ठेवलं की घरातल्यांची प्रगती खुंटते. त्यावर मी हसले. घराचं काही बिघडलं नाही, झाड मात्र दोन महिन्यांत तपकिरी पडलं. ज्युनिपर हे उघड्यावरचं, उन्हातलं झाड. ते मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवंच दिसतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे बरेच दिवस मी मेलेल्या झाडाला पाणी घालत होते. सासूबाई फार बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "एकेंद्रिय असला तरी जीवच ना गं तो? शोभेसाठी आणलास." त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले तेव्हा डोळ्यासमोर तेच झाड होतं.

म्हणून जायला नको वाटत होतं. पण लेक म्हणाली, "ते चार वाजता बंद होतं. सूर्यास्ताआधी जेवायला आरामात घरी येऊ." मग काय, ठेपले-दशम्यांचा डबा घेऊन निघालो.

अमेरिकेच्या नॅशनल आर्बोरेटम या सरकारी बागेत हे बोन्साय आणि पेनजिंगचं संग्रहालय आहे. पेनजिंग ही चीनची कला, बोन्सायची थोरली बहीण म्हणा. प्रवेश फुकट. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा जपाननं ५३ बोन्साय भेट दिली, तिथून हा संग्रह सुरू झाला. त्यातलं एक पांढऱ्या पाइनचं झाड १६२५ सालापासून कुंडीत वाढतंय. १६२५ म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी! जाडजूड खोड आणि वर छत्रीसारखा हिरवा पसारा. हे झाड हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाचं. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा त्यांचं घर तिथून साधारण तीन किलोमीटरवर होतं. खिडक्यांच्या काचा फुटून घरातल्यांना लागल्या. झाड कुंपणाच्या भिंतीच्या आडोशाला होतं, ते वाचलं. घरचे लोकही वाचले. आणि ज्या देशानं बॉम्ब टाकला, त्याच देशाला त्या घरानं ते झाड देऊन टाकलं. देताना या गोष्टीचा गाजावाजा केला नाही. २००१ साली त्या घरातले नातू झाड बघायला आले, तेव्हा कुठे संग्रहालयातल्या लोकांना ती कळली. क्षमा हा शब्द आपण दशलक्षण पर्वात पहिल्याच दिवशी उच्चारतो. त्या कुंडीसमोर मला तो शब्द न उच्चारता कळला.

थोडं पुढे अकरा ज्युनिपरचं एक छोटं जंगल आहे. जॉन नाका नावाच्या जपानी-अमेरिकन कलाकारानं ते लावलं, त्याच्या अकरा नातवंडांसाठी अकरा झाडं. माझ्या हातून दोन महिन्यांत मेलेलं झाड ज्युनिपरच होतं. ही अकरा मात्र दशकानुदशकं हिरवी आहेत. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

आता खरा प्रश्न. आपण जैन बायकांनी या झाडांचं कौतुक करावं का? मुळं कापायची, फांद्यांना तार गुंडाळायची, ही हिंसाच नाही का? शिवाय आपल्याकडे करणं, करवून घेणं आणि अनुमोदना, तिन्ही एकाच वहीत लिहिली जातात. बघायला जाणं ही अनुमोदना झाली की नाही?

मी यावर बरेच दिवस विचार केला. पहिली गोष्ट, बोन्सायला उपाशी ठेवून खुरटं करतात हा आपला गैरसमज आहे. त्याला खत, पाणी, ऊन सगळं वेळेवर लागतं. दर काही वर्षांनी जुनी मुळं छाटून नवी माती देतात, म्हणून तर नवी मुळं फुटून झाड जगतं. तार सालीत रुतायच्या आत काढावी लागते. तेच झाड जमिनीत लावलं तर ते मोठं व्हायला लागेल. पण छाटणी ती छाटणीच, तिला मी फुलांची माळ म्हणणार नाही. आणि काही जुनी बोन्साय मुळात डोंगरातून खणून आणलेली असतात, हेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कड्याच्या फटीत शंभर वर्षं तगलेलं झाड शोभेसाठी उपटणं मला अजूनही पटत नाही.

पण आपलं गृहस्थाचं घर तरी कुठे छाटणीवाचून चालतं? मेंदीचं कुंपण कापतो, मोगरा छाटतो, कलमी आंबा खातो. ते कलमसुद्धा कापूनच बांधलेलं असतं. म्हणून श्रावकाच्या व्रतांमध्ये अनर्थदंड सांगितला आहे. गरज नसताना, प्रयोजनावाचून केलेली हिंसा ती. त्याच्या प्रकारांत प्रमादचर्या येते, म्हणजे निष्काळजीपणानं उगाच माती खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं. माझं ज्युनिपर कात्रीनं मेलं नाही. ते माझ्या प्रमादानं मेलं. "काही बघावं लागत नाही" हे वाक्य मला आवडलं, तिथेच चूक झाली.

मंदिरात षट्लेश्येचं चित्र आपण सगळ्यांनी बघितलंय. जांभळाचं झाड, सहा भुकेले वाटसरू. एक मुळावर कुऱ्हाड घालायला निघतो, शेवटचा खाली पडलेली जांभळं वेचतो. लहानपणी मला वाटायचं, ही गोष्ट हातातल्या हत्याराची आहे. ती भावाची आहे, आणि सावधपणाचीही. वॉशिंग्टनच्या त्या आवारात एक बाई झारी घेऊन फिरत होती. प्रत्येक कुंडीत बोट घालून माती चाचपायची, मगच पाणी घालायची, एखाद्या कुंडीला नुसतं बघून पुढे जायची. त्या पाइनला चारशे वर्षं कुणी ना कुणी असं बोट लावून बघितलंय. उथळ कुंडीतलं झाड कडक उन्हाळ्यात एक-दोन दिवस विसरलं तरी हातचं जातं. म्हणजे चारशे वर्षांत उन्हाळ्याचा एक दिवससुद्धा प्रमाद झालेला नाही. युद्धातही नाही.

म्हणून माझं मत असं बनलंय. बोन्साय हा वस्तू म्हणून विकत घ्यायचा प्रकारच नव्हे. ते व्रत आहे, आणि घेणाऱ्याच्या आयुष्यात न संपणारं व्रत आहे. आपल्याला चार दिवस यात्रेला जायचं असतं, चातुर्मासात महाराजांच्या दर्शनाला जायचं असतं, मुलांकडे पाच-पाच महिने राहायचं असतं. मग नव्या शोभेसाठी नवा जीव का बांधून घ्यायचा? जी झाडं आधीच आहेत, त्यांना मात्र कुणीतरी सांभाळायलाच हवं. ती सार्वजनिक संग्रहात असली की एका झाडावर हजारो डोळे निवतात आणि मालकी कुणाचीच राहत नाही. याला मी अपरिग्रहाच्या जवळचं समजते. आपण तिथे जाऊन अनुमोदना करायचीच तर कात्रीची नको, सांभाळण्याची करू या.

जपानमधल्या ओमियाची गोष्ट मला याच कारणानं आवडते. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय करणारे लोक तिकडे गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी एक वस्तीच वसवली. राहणाऱ्यांसाठी नियम होते. घरात किमान दहा बोन्साय हवीत, घर दुमजली नको, कुंपण झाडांचं हवं, आणि दार सगळ्यांना उघडं हवं. मला शेवटचा नियम सगळ्यांत मोठा वाटतो. आता तिथे ओमिया बोन्साय कला संग्रहालयही आहे, २०१० साली सुरू झालेलं. टोकियोला मुलांकडे जाणार असाल तर गुरुवार सोडून जा, त्या दिवशी ते बंद असतं.

न्यूयॉर्कला कुणी असेल तर ब्रुकलिन बोटॅनिक गार्डन आहे, तिथला संग्रह १९२५ साली ३२ झाडांनी सुरू झाला. बॉस्टनला आर्नल्ड आर्बोरेटममध्ये १९१३ साली जपानहून आणलेली झाडं आहेत. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या लेक मेरिटजवळची बोन्साय बाग स्वयंसेवक चालवतात. सिएटलजवळ पॅसिफिक बोन्साय म्युझियम आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बोटॅनिकल गार्डन्समध्ये बघा.

जाताना दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. वसंतात किंवा शरदात गेलात तर पालवी आणि पानांचे रंग दिसतात, कडक थंडीत बरीच झाडं आडोशाला हलवलेली असतात. पानांना हात लावू नका, नातवंडांचे हात धरून ठेवा. फोटो काढायच्या आधी पाटी वाचा, काही ठिकाणी मनाई असते. खाली वाकून, झाडाच्या खोडाशी डोळे नेऊन बघा. मग ते कुंडीतलं झाड राहत नाही, तुम्ही एका मोठ्या झाडाखाली उभ्या आहात असं वाटतं. आणि बाहेरच्या दुकानात छोटं रोप दिसलं तर मोह आवरा. परवाना आणि तपासणीच्या दाखल्याशिवाय परदेशातून झाड आपल्याकडे आणता येत नाही, माती तर नाहीच.

घरी आल्यावर सासूबाईंना त्या पाइनचा फोटो दाखवला, सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "चारशे वर्षं रोज पाणी घातलं म्हणतेस? गॅलरीतल्या मोगऱ्याला घातलंस का आज?"

घातलं नव्हतं. उठले आणि घातलं.