नीट हवी, पण एकटी नको

मूलद्रव्याचा अणू स्थिर असतो का? जुलै २०२४ मध्ये हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयासमोर आला. त्या वर्षीच्या नीटमध्ये भौतिकशास्त्राच्या प्रश्नांत ‘प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात’ अशा आशयाचे एक विधान होते. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे ते बरोबर, नव्या पुस्तकाप्रमाणे चूक. परीक्षा घेणाऱ्या नॅशनल टेस्टिंग एजन्सीने दोन्ही उत्तरांना गुण देऊन टाकले होते. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले, त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवले आणि चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण एका फटक्यात गेले. ७२० पैकी ७२० मिळवणारे आधी ६७ जण होते. परीक्षेत वेळ वाया गेल्याबद्दल काहींना दिलेले ग्रेस गुण रद्द झाल्यावर ते ६१ झाले आणि या एका प्रश्नानंतर १७ उरले.

नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला वजा एक. म्हणजे एक प्रश्न चुकला की पाच गुणांचा फरक पडतो, आणि जिथे मुलांची दाटी असते तिथे पाच गुण म्हणजे हजारो क्रमांक. सरकारी मेडिकल कॉलेज की खासगी, घराजवळ की चारशे किलोमीटर लांब, यंदा की पुढच्या वर्षी, हे सगळे त्या फरकावर ठरते. थोरल्या भावाचे जुने पुस्तक वापरणारी मुलगी आणि नवे कोरे पुस्तक घेणारी मुलगी, यांच्यातली चांगली डॉक्टर कोण होईल हे त्या प्रश्नाला सांगता येत नव्हते. तरी प्रवेशाच्या यादीत दोघींमध्ये अंतर पडलेच.

नीट रद्द करा, असे यावरून म्हणणे सोपे आहे. ते चुकीचे ठरेल. नीटच्या आधीचा काळ आठवणाऱ्या पालकांना वेगवेगळ्या राज्यांच्या, अभिमत विद्यापीठांच्या आणि खासगी संस्थांच्या परीक्षांची रांग आठवत असेल. दर परीक्षेचा वेगळा फॉर्म, वेगळी फी, वेगळा प्रवास. खासगी कॉलेजांच्या स्वतःच्या परीक्षेत कोणाला किती गुण पडले, हे बाहेर कोणाला कळत नसे. २०१३ मध्ये पहिली नीट झाली आणि मेडिकल कौन्सिलला अशी परीक्षा घेण्याचा अधिकारच नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्दही केली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने तो निकाल मागे घेतला आणि नीट परत आली. पुढे २०२० पासून एम्स आणि जिपमरचे प्रवेशही नीटवरूनच होऊ लागले. देशभर एकच मोजपट्टी आली, हा मोठा लाभ आहे आणि तो घालवता कामा नये.

चूक झाली ती पुढे. मोजपट्टी एक हवी होती, पण हळूहळू मोजायची गोष्टही एकच उरली. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के, एवढे मिळाले की बारावीचे काम संपले. नव्वद टक्के मिळवणारा आणि पन्नासवर काठावर पास होणारा, गुणवत्ता यादीत दोघांची किंमत सारखी. दोन वर्षांचा अभ्यास त्यामुळे तीन तासांतल्या १८० प्रश्नांभोवती फिरू लागला.

त्याचा परिणाम पाहायचा तर ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत जावे. बारावीला या तिन्ही विषयांत ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. ब्युरेटमधून थेंब थेंब अल्कली सोडताना फ्लास्कमधला द्राव फिका गुलाबी होतो तो क्षण पकडावा लागतो. एक थेंब जास्त पडला की रंग गडद होतो आणि वाचन पुन्हा घ्यावे लागते. तीन वाचने जुळेपर्यंत धीर धरायचा आणि जे दिसले तेच वहीत लिहायचे, यात पुढे रुग्ण तपासताना लागणारी सवय अंगी बाणते. पण नीटमध्ये प्रात्यक्षिक नाही, म्हणून ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजांत प्रयोगशाळेला कुलूप आणि क्लासला गर्दी असते. प्रवेश कॉलेजात, हजेरी कागदावर आणि मूल दिवसभर टेस्ट सिरीजमध्ये. २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याच कारणाने. बारावीच्या गुणांना काही मोल नसेल, तर अंगठ्याच्या ठशाने मुले वर्गात बसतील ही अपेक्षा फोल आहे.

मग पूर्वीसारखे बारावीच्या गुणांवरच प्रवेश द्यावेत का? महाराष्ट्राने तोही काळ पाहिला आहे. बोर्डाच्या गुणवत्ता यादीसाठी तयारी करून घेण्याचे शास्त्र ‘लातूर पॅटर्न’ या नावाने राज्यभर गाजले. त्यात शिक्षकांची अफाट मेहनत होती, मराठवाड्यातल्या सामान्य घरांतली मुले त्यातून डॉक्टर झाली. परंतु त्याच काळात काही परीक्षा केंद्रांच्या खिडक्यांतून चिठ्ठ्या आत जात होत्या, आणि कॉपीमुक्त अभियान आजही राबवावे लागते. २०२१ मध्ये करोनामुळे बारावीची परीक्षाच झाली नाही, सूत्राने गुण काढले गेले आणि राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला. त्या वर्षी नीट नसती तर मेडिकलचे प्रवेश कशावर द्यायचे, याला उत्तर नव्हते. नुसत्या बारावीच्या भरवशावर राहता येत नाही ते यामुळे.

तामिळनाडूने २००७ पासून दहा वर्षे प्रवेशपरीक्षेविना, बारावीच्या गुणांवर मेडिकलचे प्रवेश दिले. नीट आल्यावर काय बदलले, हे तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली गेली. तिचा २०२१ चा अहवाल सांगतो की २०१६-१७ मध्ये प्रवेश मिळवणाऱ्यांत दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा प्रयत्न करणारे सुमारे १२ टक्के होते, २०२०-२१ मध्ये ते ७१ टक्क्यांवर गेले. नीट सक्तीची असली तरी ‘ड्रॉप’ सगळ्यांना परवडत नाही. एक वर्ष कमाई नाही, वर क्लासची फी, दुसऱ्या शहरातली खोली, मेस. ज्या घरात हे जमते त्या घरातल्या मुलाला तीच परीक्षा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा देता येते. सरकारी शाळांतून मेडिकलला जाणारी मुले तिथे बोटांवर मोजण्याइतकी उरली, तेव्हा २०२० मध्ये त्या सरकारने त्यांच्यासाठी साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. पहिल्याच वर्षी एमबीबीएस आणि बीडीएस मिळून चारशेच्या आसपास मुलांना त्याचा लाभ झाला. ती मुलेही नीट उत्तीर्ण झालेलीच होती. त्यांच्या गुणांकडे त्यांच्या शाळेसह पाहिले गेले, एवढाच बदल होता.

ज्ञानापेक्षा कल तपासावा, असा एक तिसरा मार्ग सुचवला जातो. ब्रिटनने तो २००६ पासून चालवून पाहिला आहे. तिथल्या कलचाचणीत, म्हणजे आजच्या यूकॅटमध्ये, जीवशास्त्राचा एकही प्रश्न नसतो. उतारा वाचून निष्कर्ष काढणे, आकडेमोड, निर्णयक्षमता आणि प्रसंग पाहून वागण्याची पारख, असे तिचे भाग आहेत. क्लासने फरक पडणार नाही अशी परीक्षा, हा तिच्यामागचा विचार. २०१३ मध्ये बारा ब्रिटिश मेडिकल कॉलेजांतल्या साडेचार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी कोण कसे गुण मिळवेल, याचा अंदाज शाळेच्या गुणांवरून जास्त चांगला येत होता. कलचाचणीने त्यात थोडीशीच भर घातली.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट महाराष्ट्रासाठी अधिक मोलाची आहे. शाळेत सारखेच गुण मिळवून आलेल्या मुलांमध्ये, साधारण निकालाच्या शाळांतून आलेली मुले मेडिकलला नामवंत शाळांतल्या मुलांपेक्षा पुढे राहिली. कारण समजायला अवघड नाही. नामवंत शाळेतल्या गुणांत शाळेचाही हात असतो, साध्या शाळेतले गुण बहुतेक मुलाचे स्वतःचे असतात. महागड्या क्लासच्या तुकडीतले ६०० गुण आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून, तालुक्याच्या कॉलेजात बसून मिळवलेले ५८० गुण यांची तुलना करताना हे लक्षात घेण्याची कोणतीही सोय आज नाही. २०२० पर्यंत ७०:३० चे सूत्र विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असा प्रदेशाचा विचार तरी करत होते. तेही रद्द झाले.

मुलाखत हाही उपाय नाही. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ह्यूस्टन मेडिकल कॉलेजात १९७९ मध्ये प्रवेश पूर्ण झाल्यावर राज्याच्या विधिमंडळाने आणखी ५० जागा वाढवून दिल्या. मुलाखतीनंतर आधी नाकारलेल्या, यादीच्या तळातल्या उमेदवारांना बोलवावे लागले. पुढे या दोन गटांची कामगिरी तपासली तेव्हा त्यांच्यात म्हणावा असा फरक आढळला नाही. आपल्याकडे तर खासगी संस्थांच्या बंद खोलीतल्या मुलाखती म्हणजे कॅपिटेशन फीला पुन्हा दार उघडून देणे ठरेल.

तरीही डॉक्टरच्या वृत्तीकडे प्रवेशाच्या वेळी पाहूच नये, असे नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा स्वतंत्र पेपर असे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभ्या केलेल्या या कॉलेजला खेड्यात काम करण्याची तयारी असलेली मुले हवी होती. निदान त्या विचाराशी ओळख करून घ्यावी, एवढी अट त्या पेपरात होती. नीटमध्ये तो पेपर गेला. पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय मात्र नीटच्या गुणांनंतर इंग्रजी आणि तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत घेते. लष्कराला आपला डॉक्टर निवडताना नीटचा आकडा पुरत नाही. जिल्हा रुग्णालयाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रालाही तो पुरू नये. एमबीबीएसच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा समावेश झाला, पण प्रवेशात त्यांना अजून जागा नाही.

गुणवत्तेच्या नावाने नीटचा कैवार घेणाऱ्यांनी यादीचा तळही पाहावा. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रता रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर होती, म्हणजे २० टक्के. बारा लाखांहून अधिक मुले पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. वरच्या टोकाला एका प्रश्नावर प्रवेश जातो, खालच्या टोकाला दोनशे-अडीचशे गुणांच्या मुलाला संस्था कोट्यातली जागा फी भरून मिळू शकते. मधल्या दीड-दोनशे गुणांच्या अंतरात जी मुले फीअभावी बाहेर राहतात, त्यांना ही व्यवस्था गुणवत्तेची वाटणार कशी?

दुरुस्ती अशक्य नाही. नीट राहू द्यावी, पण अंतिम यादीत बारावीला सुरुवातीस वीस-पंचवीस टक्के वजन द्यावे. कच्चे गुण न घेता प्रत्येक बोर्डातले पर्सेंटाइल घ्यावे, म्हणजे एखाद्या बोर्डाने सैल हाताने गुण वाटले तरी फायदा होणार नाही. प्रात्यक्षिक परीक्षा दुसऱ्या कॉलेजात आणि बाहेरच्या परीक्षकांकडून व्हावी. इंजिनीअरिंगच्या जेईई मेनमध्ये २०१३ ते २०१६ या काळात बारावीला ४० टक्के वजन होते. बोर्डांचे निकाल आणि गुणांची जुळणी यांचा मेळ बसवताना दमछाक झाली, २०१७ पासून ते बंद झाले. तो अनुभव हाताशी असल्याने निकालाचे वेळापत्रक आधी बांधून घेता येईल. सरकारी आणि ग्रामीण शाळांतल्या मुलांसाठी तामिळनाडूसारखा ठरावीक वाटा असावा. प्रसंगाची पारख करणारी छोटी चाचणी घ्यायची तर ती फक्त पात्रतेपुरती असावी, क्रमांक लावण्यासाठी नको, नाहीतर तिचेही क्लास निघतील.

२०२४ च्या गोंधळानंतर केंद्राने के. राधाकृष्णन यांची समिती नेमली. परीक्षा सुरक्षित कशी होईल, एजन्सीची रचना कशी असावी, हे तिच्यापुढचे काम होते. पेपर फुटू नये हे खरेच, पण न फुटलेला पेपर नेमके काय मोजतो हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९ च्या कायद्याने नीट सक्तीची असल्यामुळे वजन बदलण्याचा निर्णय दिल्लीतच होऊ शकतो.

महाराष्ट्राला मात्र त्याआधीच एक काम स्वतःच्या अधिकारात करता येईल. बारावीचे गुण पुण्यात राज्य मंडळाकडे आहेत, नीटचे गुण आणि प्रवेश सीईटी कक्षाकडे, आणि एमबीबीएसच्या प्रत्येक वर्षाचे निकाल नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. विद्यार्थ्यांची नावे वगळून गेल्या काही वर्षांच्या या तिन्ही नोंदी एकत्र जोडल्या, तर पहिल्या वर्षी कोण अडखळते, कोण पुढे जाते, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात आलेली मुले कशी टिकतात आणि तालुक्याच्या कॉलेजातली मुले कुठे पोहोचतात, हे आकड्यांनी समोर येईल. वैद्यकीय शिक्षण विभागाने हा अभ्यास हाती घ्यावा आणि पुढच्या प्रवेशफेऱ्या सुरू होण्यापूर्वी तो जाहीर करावा.