मावशींची वर्गणी थकली नव्हती



मागच्या पावसाळ्यात आमच्या विहाराच्या मयत फंडाचा संगणक बंद पडला. त्याच आठवड्यात वस्तीतल्या एका मावशींचे मालक वारले. मावशी मदतीसाठी आल्या, तेव्हा कुणीतरी म्हणाले, "त्यांची वर्गणी थकली होती." मावशी म्हणाल्या, "दर महिन्याला भरलीय." पण पावत्या घरात शिरलेल्या पाण्यात गेल्या होत्या. आमच्या हाती उरली ती टॅलीतून काढून पेनड्राइव्हवर ठेवलेली एक एक्सएमएल फाइल. दुकानदाराने ती उघडून मान हलवली, "हा कचरा आहे, साहेब."

कचरा नव्हता तो. एक्सएमएल ही माहिती लिहून ठेवण्याची १९९८ साली प्रमाण ठरलेली पद्धत. तीत प्रत्येक माहितीच्या मागेपुढे टोकदार कंसांत तिचे नाव असते. टॅलीच्या फाइलमध्ये 'व्हाउचर' आणि त्याच्या पोटात 'डेट', 'पार्टीलेजरनेम' अशा खुणा असतात.

लिनक्सवर 'एक्सएमएललिंट' नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. टर्मिनलच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत त्याचे नाव, मग दोन आडव्या रेघा जोडून 'फॉरमॅट' हा शब्द आणि शेवटी फाइलचे नाव टाइप करायचे. एका ओळीत कोंबलेला मजकूर पायरीपायरीने मांडला जातो. 'फॉरमॅट'च्या जागी 'एक्सपाथ' लिहिले की प्रश्न विचारता येतो : या नावाची व्हाउचरे कोणती, त्यांच्या तारखा कोणत्या? 'काउंट' जोडले की किती तेही कळते. तारीख सलग आठ आकड्यांत येते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

मावशींच्या मालकांच्या नावे बारा महिन्यांच्या बारा नोंदी निघाल्या. आम्ही त्या सभेत वाचून दाखवल्या. मदत त्याच दिवशी मंजूर झाली.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. मांडलेला मजकूर बाणाची खूण देऊन मूळ फाइलच्याच नावावर उतरवू नका. संगणक आधी ती फाइल रिकामी करतो, मग वाचायला जातो! म्हणून अगोदर प्रत काढा. दुसरे, लोकांची नावे आणि पैसे असलेली फाइल परक्या वेबसाइटवर चढवू नका. हे सारे काम इंटरनेटशिवाय आपल्याच संगणकावर होते.

बाबासाहेबांनी 'शिका' सांगितले, ते केवळ पदवीसाठी नव्हे. आपला हिशेब आपल्याला वाचता आला नाही, तर दुसरा सांगेल तोच खरा मानावा लागतो. तुमच्या मंडळात बारावीची मुलेमुली असतील. एका रविवारी त्यांना घेऊन बसा.

जयभीम!