जुन्या गाडीची पट्टी व चिवट डिंक

आमच्या कास्तकार बंधूंच्या दारांत बंडीशेजारीं जुनी जीप किंवा बोलेरो उभी दिसते. तिच्या बाजूची प्लास्टिकची पट्टी शोभेची खरी; परंतु तिचें टोक सुटलें कीं मागें काळ्या मातीचा चिखल शिरतो, पावसाळाभर ओल धरतो व पत्रा गंजतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनीं नवी करावी लागते. त्या वेळीं सडलेला पत्रा महाग पडतो. म्हणून सुटलेली पट्टी काढून टाकणेंच इष्ट, असें आमचें मत आहे.

मात्र ती विळ्यानें किंवा पटाशीनें उपटूं नये. रंग खरवडला कीं गंजास नवी वाट मिळते. थंड देशांत डिंक मऊ करण्यास उष्ण हवेचें यंत्र लागतें. नागपुरास वैशाखाचें ऊन फुकट आहे. पत्रा तापल्यावर पट्टीमागून गळाचा नायलॉन दोरा करवतीसारखा ओढावा. मग गाडी सावलींत आणून उरलेला डिंक अंगठ्यानें वळून काढावा. चिवट जागीं रॉकेलचा अगर गोड्या तेलाचा बोळा कांहीं वेळ ठेवून साबणाच्या पाण्यानें धुवावें. रॉकेलाजवळ विडी नको. थिनर तर लावूंच नये. तो डिंकाबरोबर रंगहि नेतो. खालीं गंज दिसल्यास घासून ताबडतोब प्राइमर व रंग द्यावा. शोभा गेली तरी चालेल, पत्रा टिकला पाहिजे.