विश्लेषण : वाइन म्हणजे दारू की नाही? एकाच उत्पादकाची पांढरी आणि लाल वाइन काय सांगते?

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय घेतला. त्याला सर्वात ठाम विरोध झाला तो तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीतून. बरोबर चार वर्षांनी, २७ जानेवारी २०२६ रोजी, भारत आणि युरोपीय संघाने मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. या कराराने फ्रेंच वाइनवरील आयात शुल्क कमी होणार आहे. त्यामुळे २०२२ मधले दोन प्रश्न पुन्हा समोर येतात. वाइन दारू आहे की नाही? आणि तिच्या विक्रीने शेतकऱ्याला नेमका किती फायदा होतो? या दोन्हींची उत्तरे भाषणांपेक्षा एकाच उत्पादकाच्या पांढऱ्या आणि लाल वाइनच्या दोन ग्लासांत अधिक स्पष्ट दिसतात.

राळेगणचा वाद काय होता?

किमान १०० चौरस मीटर, म्हणजे साधारण हजार चौरस फूट जागा असलेल्या सुपरमार्केटमध्ये कुलूपबंद कपाटातून वाइन विकता येईल, असा तो निर्णय होता. शाळा आणि प्रार्थनास्थळांजवळची दुकाने तसेच दारूबंदी असलेले जिल्हे यातून वगळले होते. फळांवर प्रक्रिया होऊन शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल, असे सरकारचे म्हणणे होते. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ अशी बाजू शिवसेना नेते संजय राऊत यांनी मांडली.

अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून बेमुदत उपोषणाचा इशारा दिला. लोकांची मते आणि हरकती मागवल्याशिवाय अंमलबजावणी होणार नाही, असे आश्वासन मिळाल्यावर १३ फेब्रुवारीला ग्रामसभेत उपोषण मागे घेतले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये सरकार कोसळले आणि निर्णय कागदावरच राहिला.

राळेगणने हा विषय इतका गांभीर्याने घेण्यामागे इतिहास आहे. १९७५ नंतर तिथे गावसुधारणेची सुरुवात झाली ती दारूच्या भट्ट्या बंद करण्यापासून. पुढे राज्यात महिलांच्या मतदानाने गावातले दारू दुकान बंद करण्याची तरतूद झाली. तिलाच लोक ‘आडवी बाटली’ म्हणतात. दुकानासमोर उभे राहून लढलेल्या बाईला किराणा मालाच्या रांगेत बाटली आलेली कशी चालेल, हा तिथला साधा सवाल होता.

एकाच उत्पादकाच्या दोन वाइन शेजारी ठेवून का चाखतात?

दोन वेगळ्या कंपन्यांच्या वाइन चाखल्या, तर फरक जमिनीचा, द्राक्षाचा की बनवणाऱ्याच्या हाताचा, हे ओळखणे अवघड जाते. उत्पादक एकच असेल तर हात तोच राहतो आणि द्राक्ष व प्रक्रियेतला फरक उठून दिसतो. फ्रान्समधील बर्गंडी प्रांत याचे नेहमीचे उदाहरण. तिथे एकच उत्पादक शार्दोने द्राक्षापासून पांढरी आणि पिनो न्वारपासून लाल वाइन करतो. फ्रेंच बाटलीवर बहुतेकदा द्राक्षाचे नव्हे, गावाचे किंवा प्रांताचे नाव ठळक असते, कारण चव मातीतून येते अशी तिथली धारणा आहे.

चाखण्याची पद्धत साधी असते. आधी पांढरी, मग लाल. पांढरी साधारण ८ ते १२ अंशांवर, लाल १५ ते १८ अंशांवर. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा युरोपातला सल्ला एप्रिलमधल्या अहिल्यानगरात चालणार नाही. आधी रंग पाहायचा, मग वास घ्यायचा, मग लहान घोट तोंडात फिरवायचा. व्यावसायिक परीक्षक तो घोट थुंकून टाकतात, कारण दहा-बारा नमुने गिळले तर पुढच्या नमुन्याबद्दलचे मत भरवशाचे राहत नाही.

चवीतला फरक कुठून येतो?

मुख्यतः सालीतून. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रसही जवळपास रंगहीनच असतो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस आधी वेगळा काढतात आणि कमी तापमानाला आंबवतात. त्यामुळे तिच्यात कैरी किंवा लिंबासारखा आंबटपणा आणि फळांचा ताजा वास राहतो. लाल वाइनमध्ये रस साली आणि बियांसकट आंबतो. रंग तिथूनच येतो आणि टॅनिनही. टॅनिनमुळे जांभूळ खाल्ल्यावर किंवा दाट कोरा चहा प्यायल्यावर जीभ आणि हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात, तसा तुरटपणा येतो.

मग वाइन दारू आहे की नाही?

दोन्ही ग्लासांत चव वेगळी असली तरी अल्कोहोल जवळपास सारखेच असते, साधारण १२ ते १४ टक्के. वाइन ऊर्ध्वपातन न करता फक्त आंबवून बनते, व्हिस्की किंवा रम ऊर्ध्वपातनाने. त्यामुळे व्हिस्कीत अल्कोहोल ४२.८ टक्के असते. टक्केवारी पाहिली तर वाइन सौम्य वाटते.

पण माणूस टक्केवारी पीत नाही, ग्लास पितो. १५० मिलिलिटरच्या साडेबारा टक्क्यांच्या ग्लासात सुमारे १९ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. ३० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये सुमारे १३. म्हणजे वाइनचा एक ग्लास एका छोट्या पेगपेक्षा जास्तच भरतो.

कायद्याचे उत्तरही स्पष्ट आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ मधील मद्याच्या व्याख्येत वाइन, बिअर आणि ताडी यांचा समावेश आहे. कायदा फरक करतो तो वयात : वाइनसाठी २१ वर्षे, कडक मद्यासाठी २५. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की आरोग्यासाठी सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. तेव्हा वाइन वेगळ्या प्रकारची दारू आहे असे म्हणता येईल, दारूच नाही असे म्हणता येत नाही.

शेतकऱ्याच्या फायद्याचे काय?

इथे ग्लासातले द्राक्ष पाहावे लागते. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांत मुख्यतः थॉमसन सीडलेस, सोनाका, शरद सीडलेस अशी खाण्याची द्राक्षे असतात. महाराष्ट्रातील वायनऱ्यांची पांढरी वाइन प्रामुख्याने सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शनँ ब्लाँपासून बनते, लाल वाइन शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉपासून. या चारही जाती मूळ फ्रान्सच्या. त्यांची फळे लहान, जाड सालीची आणि बियांची. बाजार समितीत त्यांना गिऱ्हाईक नसते, घेणारी फक्त वायनरी.

म्हणून वाइनची विक्री वाढली तरी अवकाळीत थॉमसनचे घड गळालेल्या शेतकऱ्याला थेट काही मिळत नाही. फायदा होतो तो वायनरीशी करार असलेल्यांना, आणि वायनरी अडचणीत आली की धोकाही त्यांनाच. राळेगणच्या पारनेर तालुक्याला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात नारायणगावला १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन बनू लागली होती. ती कंपनी पुढे कर्जात बुडाली. २००८ नंतर मागणी घटली, तेव्हा नाशिक भागात अनेकांनी वाइन-द्राक्षांच्या बागा तोडून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली.

फ्रेंच वाइन स्वस्त झाली तर?

नव्या करारानुसार युरोपीय वाइनवरील १५० टक्के शुल्क आधी निम्मे होईल आणि नंतर टप्प्याटप्प्याने २० ते ३० टक्क्यांवर येईल. सर्वात स्वस्त बाटल्यांना ही सवलत नाही. ऑस्ट्रेलियाशी २०२२ च्या अखेरीस लागू झालेल्या करारातही अशीच टप्प्यांची कपात आहे.

याचा दबाव येईल तो राज्यातल्या महागड्या बाटल्यांवर. दीड-दोन हजारांच्या स्थानिक लाल वाइनशेजारी त्याच किमतीत फ्रेंच बाटली आली, तर ग्राहक दोन्ही चाखून ठरवेल. स्थानिक वायनरीने दर्जा वाढवला तर करारावरची बाग टिकेल, नाहीतर खरेदीदर आधी खाली येईल.

तेव्हा सुपरमार्केटचा प्रस्ताव पुन्हा आला, तर विचारायचे प्रश्न नेमके हवेत. वाइन-द्राक्षाचा करार किती वर्षांचा, दर कोण ठरवणार, वायनरी बुडाल्यास थकबाकीची हमी कोणाची? आणि गावात विक्री नको असेल तर आडव्या बाटलीचा अधिकार सुपरमार्केटच्या कपाटालाही लागू होणार का?